टाच दुखतेय, कोणते बूट घेऊ?

नाशिकच्या एका ४२ वर्षांच्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. फेब्रुवारीत त्या मैत्रिणीबरोबर गोल्फ क्लब मैदानावर चालायला जाऊ लागल्या आणि तिथल्या ग्रुपने त्यांना धावायची गोडी लावली. एप्रिलपर्यंत ५ किलोमीटर न थांबता जमायला लागलं. मे महिन्यात शाळेला सुट्टी म्हणून आठवड्यातून पाच दिवस धावल्या. एरवी ६ किलोमीटरच्या पुढे न गेलेल्या, पण एका रविवारी ग्रुपबरोबर एकदम १० केले. त्याच उत्साहात साताऱ्याच्या सप्टेंबरमधल्या हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणीही करून टाकली. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि डावी टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत सुई टोचते, दहा-पंधरा पावलांनी जरा सैल होतं, आणि स्टाफरूममधल्या खुर्चीवरून उठताना पुन्हा तेच. सध्याचे बूट दोन वर्षांपूर्वी चालण्यासाठी घेतलेले, मापाला अगदी बरोब्बर बसणारे.

बुटांच्या दुकानात त्यांना मशीनवर धावायला लावलं, ‘तुमचे पाय सपाट आहेत, पाऊल आत कलतं’ असं सांगितलं आणि १४ हजारांचे बूट व ३ हजारांचे खास बनवून घ्यायचे इनसोल सुचवले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ‘टाचेचं हाड वाढलंय, धावणं बंद’ म्हटलं. ग्रुपमधले एक जण म्हणाले, बूटच काढून टाका, बारामतीच्या लता करे अनवाणी धावून जिंकल्या ना! घरी सासूबाईंचं म्हणणं, या वयात हे कशाला. त्या विचारतात: माझे पाय मुळातच धावण्यासाठी नाहीत का? महागडे बूट घेतले तर टाच थांबेल का? आणि साताऱ्याचं काय करू?

ताई,

तुम्हाला चौघांनी चार उत्तरं दिली. चौघांनीही तुमच्या पावलाकडे किंवा वयाकडे पाहिलं, पण तुम्ही मे महिन्यात काय केलंत आणि जूनमध्ये काय बदललं, हे कोणीच विचारलेलं दिसत नाही. तुम्ही मात्र ते पत्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे. मी त्या दोन ओळींपासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते तुमच्या टाचेचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

पत्रावरून निदान करता येत नाही, ते तपासूनच होतं. पण सकाळच्या पहिल्या पावलाला टोचणं, चार पावलं चालल्यावर सैल होणं, बसून उठताना पुन्हा जाणवणं, ही लक्षणं प्लांटर फॅशियाच्या दुखण्याशी अगदी जुळतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक जाड, चिवट पट्टा जातो, तो प्लांटर फॅशिया. पावलाची कमान तो तोलून धरतो. आपण चवड्यावर जोर देऊन टाच उचलतो तेव्हा तो ताणला जातो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार जमिनीवर पडतो आणि नवख्या वेगात एका किलोमीटरला हजाराच्या वर पावलं होतात. हा भार हळूहळू वाढला तर स्नायू, त्यांना हाडाशी जोडणाऱ्या चिवट शिरा, हाडं त्याला सरावतात, घट्ट होतात. पण फुप्फुसं आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतात, तर या पट्ट्याला आणि हाडांना महिने लागतात. म्हणून ज्या दिवशी दम लागेनासा होतो, त्याच दिवसांत नवे धावणारे जखमी होतात. आपल्याला वाटतं जमतंय, आणि दमाच्या बाबतीत ते खरंच जमत असतं.

डेन्मार्कच्या संशोधकांनी २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंची घड्याळातली नोंद तपासून एक गोष्ट मांडली. आठवड्याची बेरीज किती वाढली यापेक्षा, मागच्या महिनाभरात जे सर्वांत लांब अंतर धावलात त्याच्या पुढे एका दिवशी किती उडी मारलीत, याचा दुखापतीशी जास्त संबंध दिसला. १० टक्क्यांपुढच्या उडीपासूनच धोका वाढलेला आढळला. तुमची त्या रविवारची उडी ६ वरून १० ची, म्हणजे ६५ टक्क्यांच्या पुढची होती.

आता जून. शाळा सुरू झाली म्हणजे रोज पाच-सहा तास फळ्यासमोर उभं राहणं आलं. तुम्ही ते धावण्यात मोजत नाही, पण टाच मोजते. आणि त्याआधी सकाळी डबे, नंतर संध्याकाळचा स्वयंपाक. आपल्याकडे हे सगळं ओट्यासमोर, कडक फरशीवर, अनवाणी चालतं. कोटा असो की व्हिट्रिफाइड टाइल, दबणारं त्यात काहीच नाही. कडक जमिनीवर दीर्घकाळ उभं राहणं हे टाचदुखीचं नोंदलेलं कारण आहे, आणि ते न धावणाऱ्या बायकांनाही लागू आहे. मेमधला वाढलेला भार अजून पचायचा होता, तेवढ्यात त्यावर जूनचा उभा दिवस आला. मला तुमच्या पायात दोष दिसत नाही. एका टाचेवर सहा आठवड्यांत बरंच काही येऊन पडलेलं दिसतं.

म्हणून आज संध्याकाळीच करता येईल असं पहिलं काम सांगते. घरात घालायला एक मऊ, जरा जाड तळाची, टाचेला आधार देणारी वेगळी चप्पल ठेवा आणि सकाळी पलंगावरून उतरताना ती आधी पायात घाला. स्वयंपाकघरात वावरताना ती पायातच राहू दे. सासूबाईंना घरात चप्पल पटत नसेल, तर ही फक्त घरातली आहे, बाहेर गेलेली नाही, एवढं सांगा. वर्गात सपाट, पातळ तळाचे सँडल घालत असाल तर ते काही महिने बाजूला ठेवा. दोन तासिकांमध्ये बसायला मिळालं तर संकोच न करता बसा.

‘हाड वाढलंय’ हे ऐकून तुम्ही घाबरलात ते साहजिक आहे. आपल्याकडे हे वाक्य इतक्या जणींना ऐकायला मिळतं आणि त्यानंतर कित्येक जणी चालायलाही बिचकतात, म्हणून यावर जरा थांबते. टाचेच्या एक्स-रेमध्ये हाडाचं जे टोक दिसतं, तसं टोक टाच कधीही न दुखलेल्या बऱ्याच लोकांच्या एक्स-रेतही दिसतं. उलट टाच जबर दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत ते नसतं. दुखणं थांबल्यावर पुन्हा एक्स-रे काढला तर टोक जिथल्या तिथे असतं. म्हणजे चित्रात दिसणारी गोष्ट आणि दुखणारी गोष्ट एकच असेल असं नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला यात काही चुकीचं नाही, त्यातून इतर शंका दूर होतात. काही काळ धावणं थांबवा हा सल्लाही योग्य आहे. पण ‘आता हाडच वाढलंय, म्हणजे संपलं’ असा अर्थ तुम्ही लावला असेल तर तो सोडून द्या. टाचेत इंजेक्शन घ्यावं का, असा प्रश्न पुढे आलाच तर एवढं लक्षात असू द्या की स्टेरॉइडने काही आठवडे बरं वाटतं, पण पुन्हा पुन्हा घेतल्यास तो पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. व्यायाम आणि भार कमी करणं नीट करून झाल्याशिवाय तिकडे वळू नका.

आता सपाट पाय. आधी घरी एक करून बघा. भिंतीला हात टेकून दोन्ही चवड्यांवर उभ्या राहा आणि घरातल्या कोणाला तरी मागून पावलाकडे बघायला सांगा. टाच उचलल्यावर आतल्या बाजूला कमान उमटत असेल, तर तुमचं पाऊल लवचीक आहे, उभं राहिल्यावर ते फक्त पसरतं. असे पाय भरपूर लोकांचे असतात आणि ते धावतातही. एका पायाची कमान गेल्या वर्ष-दोन वर्षांत नव्याने बसली असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत-सुजत असेल, एका पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे. ती चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये जास्त दिसते आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवी.

दुकानातल्या मशीनमागचा विचार असा, की पायाचा आकार बघून बूट ठरवला तर दुखापत टळेल. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. अमेरिकी लष्कराने हा विचार तपासून पाहिला. भूदल, हवाई दल आणि मरीन, तिन्हीकडच्या हजारो नव्या भरतीच्या जवानांपैकी निम्म्यांना पावलाच्या आकाराप्रमाणे वेगवेगळे बूट दिले, निम्म्यांना आकार न बघता सरसकट एकाच प्रकारचे. प्रशिक्षणाच्या शेवटी दोन्ही गटांतल्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. २०१४ मध्ये डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावणाऱ्यांना साधे, कोणताही खास आधार नसलेले बूट देऊन वर्षभर पाहिलं. पाऊल आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. याच्या उलट बाजूचाही एक पुरावा आहे, तो लपवणार नाही. लक्झेंबर्गमधल्या २०१६ च्या चाचणीत पाऊल जास्त आत कलणाऱ्यांना आधाराच्या बुटांचा काही फायदा दिसला. त्यामुळे आधाराचे बूट वाईट असं मी म्हणत नाही. पायात घालून तेच सर्वांत आरामाचे वाटले तर खुशाल घ्या. पण ‘सपाट पाय आहेत, म्हणून हेच घेतले नाहीत तर पाय जातील’ हे ज्या खात्रीने तुम्हाला सांगितलं गेलं, तेवढी खात्री कोणाकडेही नाही. पाऊल टेकल्यावर थोडं आत कलणं हा धक्का पचवण्याचा शरीराचा नेहमीचा मार्ग आहे. जुन्या बुटाची टाच बाहेरच्या कडेने झिजलेली पाहून घाबरणाऱ्याही बऱ्याच जणी भेटतात. बहुतेकांची तशीच झिजते.

मापाचे इनसोल बनवून घेण्याचे ३ हजार सध्या वाचवा. टाचदुखीत तयार मिळणारे, कमानीला आधार देणारे साधे इनसोल आणि खास बनवलेले इनसोल यांच्या परिणामात फारसा फरक आढळलेला नाही. आधार हवासा वाटला तर तयार जोडी घ्या, टाच शांत होईपर्यंत वापरा.

अनवाणी धावण्याचा सल्ला देणाऱ्या ग्रुपमधल्या भाऊंचंही पूर्ण चूक नाही. मणिपालच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये २,३०० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. तीत लहानपणापासून बूट घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्यांमध्ये २.८ टक्के होतं. पाय मोकळा वाढला की मजबूत होतो, हे आपल्या गावाकडे वेगळं सांगावं लागत नाही. लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या त्या नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून, आणि उभा जन्म शेतमजुरीत राबलेल्या पायांनी. त्यांचा मान मोठा आहे, पण त्यांच्या पायांमागचा चाळीस-पन्नास वर्षांचा सराव त्यात मोजायला हवा. आयुष्यभर चपला-बूट घातलेल्या, आत्ता टाच दुखत असलेल्या बाईने डांबरी रस्त्यावर अनवाणी धावायला लागणं म्हणजे पोटरी, टाचेमागची शीर आणि पावलाच्या हाडांवर आणखी एक मोठी उडी. टाच पूर्ण बरी झाल्यावर हिरवळीवर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं अनवाणी चालून बघा. त्यापुढचं वर्षभराने ठरवू.

मग बूट घ्यायचे की नाही? घ्यायचे. पण १४ हजारांचे नकोत, आणि कारण वेगळं आहे. तुमच्या आत्ताच्या बुटांचं वय झालंय आणि ते मापाला ‘बरोब्बर’ बसतात, हीच त्यांची मोठी अडचण आहे.

धावताना पाऊल फुगतं, पसरतं आणि बुटात थोडं पुढे सरकतं. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा लागते. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असं नाही, अनेकींचं दुसरं बोट पुढे असतं. घरी भिंतीला टाच लावून कागदावर उभ्या राहा, पुढच्या टोकाशी खूण करा, दोन्ही पायांची मापं सेंटीमीटरमध्ये घ्या. दोन्हींत फरक निघतोच, मोठ्या पायाचं माप धरा. कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ‘माझा सहा नंबर’ यावर विसंबू नका. रोजच्या बुटापेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

रुंदीकडे लांबीपेक्षाही जास्त लक्ष द्या. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या सुमारे एक लाख लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पावलं युरोप-अमेरिकेतल्या पावलांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. दुकानातले बहुतेक बूट तिकडच्या साच्यावर बेतलेले असतात, त्यातही बायकांचे साचे आणखी अरुंद. हे ओळखायची माझी आवडती रीत सांगते. बुटातला आतला तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर एका पायाने पूर्ण भार देऊन उभ्या राहा. करंगळीची बाजू किंवा अंगठ्यामागचं हाड तळाच्या कडेबाहेर ओघळत असेल, तर तो बूट कितीही सुंदर असो, परत ठेवा. रुंद जोडी मागा. नाही मिळाली तर पुरुषांच्या विभागात जा आणि त्याच लांबीचा बूट घालून बघा. अनेक जणींना तिथेच नीट बसणारा मिळतो. रंग आवडला नाही तरी पाय आवडून घेतील.

दुकानात संध्याकाळी जा, शाळेचा दिवस पायांनी पाहिलेला असताना. धावताना घालणार तेच मोजे घाला. लेस खालपासून सैल करून पाय आत घाला, टाच मागे ठोकून बसवा, मग लेस आवळा. उभ्या राहून पुढची जागा अंगठ्याने दाबून बघा. टाच वर-खाली सरकत असेल तर सगळ्यात वरचं ते जादा भोक वापरा, ज्यात आपण कधीच लेस ओवत नाही. दोन्ही बाजूंना लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात ओवली की छोटं कडं तयार होतं. समोरच्या बाजूची लेस त्या कड्यातून काढून ओढली की टाच जागेवर बसते आणि चवड्यावर दाब येत नाही. मग दुकानाबाहेर फुटपाथवर पाच मिनिटं हळू धावून या. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. कॅलगरी विद्यापीठातले बेनो निग यांनी आयुष्यभर बुटांवर संशोधन करून शेवटी आरामालाच पहिली कसोटी मानलं: चार जोड्या घालून बघा आणि पायाला जी सर्वांत सुखाची वाटेल ती घ्या. ‘चार दिवसांनी सैल होईल’ हे मानू नका. धावण्याचा बूट पहिल्या मिनिटापासून सुखाचा हवा.

यात ४ ते ८ हजारांत चांगली जोडी मिळते. एवढ्यासाठी १४ हजार लागत नाहीत. टाचेचा आणि चवड्याचा तळ यांच्या उंचीत ८ ते १० मिलिमीटरचा फरक असलेला, मध्यम गादीचा नेहमीचा बूट तुमच्यासाठी ठीक. फरक अगदी कमी असलेले बूट पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर भार वाढवतात, आत्ता ते नको. गादी जरा मऊ असू दे. लक्झेंबर्गमध्येच २०२० साली आठशेहून अधिक धावपटूंवर केलेल्या चाचणीत कडक तळाच्या बुटांत दुखापती जास्त झाल्या होत्या. ग्रुपमधले कोणी कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कडक कार्बनची पट्टी असलेले बूट सुचवतील, ते शर्यतीत वेगासाठी आहेत. त्या बुटांतून धावणाऱ्या काहींना पावलातल्या नेव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाल्याची उदाहरणं २०२३ मध्ये नोंदली गेली आहेत. नवख्या पायांनी त्या वाटेला जायचं कारण नाही.

जमलं तर पुढच्या काही महिन्यांत दुसरी, वेगळ्या बनावटीची साधी जोडी घ्या आणि आलटून पालटून वापरा. पावलावर येणारा भार थोडा बदलता राहतो. २६४ धावपटूंच्या एका पाहणीत असं करणाऱ्यांना दुखापती बऱ्याच कमी झाल्या होत्या. नाशिकच्या पावसात याला आणखी एक कारण आहे. भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही. तळ बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, गोंद सुटतो. मोजे सुती नकोत, घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. धावून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतील आणि टाच बरी होऊनही धावणं थांबेल. बूट ५०० ते ८०० किलोमीटर चालतो असा साधारण अंदाज धरतात. तळाच्या बाजूला बारीक सुरकुत्या पडल्या, अंगठ्याने दाबून तो दबेनासा झाला किंवा टेबलावर ठेवल्यावर बूट एका बाजूला झुकला, की तो चालण्यासाठी ठेवा.

आता टाचेसाठीचं खरं औषध. २०१४ मध्ये डॅनिश फिजिओथेरपिस्ट मायकेल रॅथलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा भार घेऊन टाचा उचलण्याच्या व्यायामाने तीन महिन्यांत जास्त फरक पडला. जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभ्या राहा, टाच हवेत. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे बोटं वर वळतील आणि तळव्यातला पट्टा ताणला जाईल. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. १२ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर दोन्हींवर सुरुवात करा. सोपं वाटायला लागलं की पाठीवर दप्तर घ्या आणि त्यात वह्या वाढवत जा, शिक्षकांच्या घरी त्यांना तोटा नसतो. करताना थोडं दुखलं तर चालेल.

सकाळी पलंगावरून उतरण्याआधी डावं पाऊल उजव्या गुडघ्यावर घ्या, हाताने बोटं नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. पहिलं पाऊल सुसह्य होतं. संध्याकाळी गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवलीत तर बरं वाटेल. एवढं करूनही टाच आठवड्यात थांबणार नाही. बहुतेकींना तीन ते सहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. धीर सोडायचा नाही तो इथे.

धावणं कायमचं बंद करायची गरज मला वाटत नाही. दोन-तीन आठवडे सायकल चालवा किंवा पोहा. मग गोल्फ क्लबच्या मातीवर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल आदल्या सकाळपेक्षा वाईट नसेल, तर पुढे जा. वाईट असेल तर एक पायरी मागे या. एका दिवशीचं सर्वांत लांब अंतर महिन्यातल्या आधीच्या लांब अंतरापेक्षा दहाव्या भागाहून जास्त वाढवू नका. ग्रुपमधले लोक पुढे जातील, जाऊ द्या. शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवा.

सातारा यंदा करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ती वाट यवतेश्वरच्या घाटाने वर चढते आणि तशीच खाली उतरते. चढताना पोटरी आणि तळव्याचा पट्टा पूर्ण ताणला जातो, उतरताना प्रत्येक पाऊल आपटतं आणि बोटं बुटाच्या टोकाला धडकतात. तिथून काळी-निळी नखं घेऊन येणारे पुष्कळ असतात. दुखऱ्या टाचेने, १० किलोमीटर एकदाच धावलेल्या पायांनी, दोन-अडीच महिन्यांत २१ किलोमीटरचा घाट करणं शक्य होईलही, पण त्याची किंमत पुढचं वर्ष असू शकते. नोंदणीचे पैसे गेले याचं वाईट वाटेल. ग्रुपबरोबर जा, घाटात उभं राहून त्यांना पाणी द्या, वाट डोळ्यांनी बघून या. टाच ऐकत असेल तर जानेवारीत, तिसऱ्या रविवारी, मुंबई मॅरेथॉनमधली १० किलोमीटरची शर्यत तुमच्यासाठी चांगलं ध्येय आहे. सातारा पुढच्या वर्षी, वर्षभराच्या पायांनी.

सासूबाईंच्या काळजीला एक उत्तर देता येईल. हौसेने धावणाऱ्यांचे गुडघे झिजतात ही समजूत जुनी आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के, तर बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के निघालं. चाळिशीनंतर हाडांना भाराची गरज वाढते, कमी होत नाही. मात्र त्यासाठी पोटात अन्न हवं. उपवासाच्या दिवशी लांब धावू नका आणि डाळ, दूध, अंडी यांत हात आखडू नका. पाळी अनियमित झाली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, हाडांच्या इजेशी त्याचा थेट संबंध असतो.

काही लक्षणांत यातलं काहीही न करता आधी डॉक्टर गाठायचे. पावलाच्या वरच्या बाजूला किंवा नडगीवर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखतं, धावताना सैल होण्याऐवजी वाढत जातं, रात्री झोपेतही ठणकतं, एका पायावर उडी मारली की कळ येते: हे हाडाला तडा जात असल्याचं लक्षण असू शकतं. तळव्याला मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे, टाच लाल-गरम होऊन सुजली आहे, तरीही दाखवा. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, तर संधिवाताची तपासणी मागा. मधुमेह असेल तर नवे बूट घेण्याआधी पायांची संवेदना तपासून घ्या, कारण फोड आलेला कळणारच नाही. आणि तुमच्या बाबतीत, सहा ते आठ आठवडे व्यायाम आणि घरातली चप्पल नेमाने करूनही सकाळचं पाऊल तसंच राहिलं, तर खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना जुने बूट आणि फेब्रुवारीपासून किती धावलात याची वही सोबत न्या. एक्स-रेच्या आधी ती वही त्यांच्यासमोर ठेवा.